मुरगावहून खाली, तीन अंशांपर्यंत

नोव्हेंबरातल्या दुपारी मुरगावच्या धक्क्यावर उभं राहिलं की थंड समुद्र डोळ्यांसमोर आणणंही कठीण जातं. अंगाला घामाच्या धारा, समोरचं पाणी अठ्ठावीस अंश. पण तिथून पश्चिमेला रात्रभर जहाज हाकलं आणि दोन हजार मीटर खाली उतरलं की पाणी बारा महिने तीन अंशांच्या आसपास असतं. हे मुळात इथलं पाणी नव्हे. अरबी समुद्र उत्तरेकडून जमिनीने बंद आहे. त्याच्या खोल भागातलं थंड पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाभोवतालच्या महासागरातून तळातळाने सरकत आलेलं असतं. म्हणजे थंड पाण्यातले जिवाणू शोधायला प्रत्येक वेळी ध्रुवावर जावं लागतं असं नाही. ध्रुवाचं पाणी गोव्याच्या दारापर्यंत येऊन थांबलेलं आहे, फक्त वर गरम पाण्याची जाड गोधडी आहे.

सामग्री आणि माणसं, दोन्ही दृष्टींनी गोवा या कामाचं ठाणं आहे. वास्कोत हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या आणि आर्क्टिकच्या भारतीय मोहिमांची जुळवाजुळव तिथूनच होते. झुवारीच्या मुखापलीकडे दोना पावल्याला १९६६मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पुढचा वृत्तांत थंड पाण्यातल्या जिवाणूंची नवी प्रजाती शोधायला काढलेल्या आठ दिवसांच्या एका समुद्रफेरीचा आणि त्यानंतरच्या प्रयोगशाळेतल्या महिन्यांचा आहे. नवी प्रजाती जहाजावर सापडत नाही. जहाजावरून फक्त पाणी येतं. पण ते पाणी वाटेत एकदा जरी तापलं, तर पुढचे सगळे महिने भलत्याच जिवाणूंवर खर्ची पडतात.

पहिला दिवस : मुरगाव बंदर

सकाळ सामान चढवण्यात गेली. तीनशे पेट्री प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या उथळ ताटल्या, त्याही दोन दिवस आधी ओतून, सुकवून, उलट्या ठेवून चार अंशांवर गार केलेल्या. घाईत जहाजावर माध्यम, म्हणजे जिवाणूंचं अन्न, शिजवायचा विचार करू नये. डोलत्या जहाजात अगार, म्हणजे माध्यम घट्ट करणारा पदार्थ, एका बाजूला कलंडून घट्ट होतो आणि दमट हवेत झाकणाला सुटलेलं पाणी प्लेटवर ठिबकून सगळ्या कॉलन्यांची, म्हणजे जिवाणूंच्या वाढीच्या ठिपक्यांची, खिचडी करतं. ओतताना माध्यम पन्नास अंशांपर्यंत निवलेलं असावं. त्यानंतर लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, झाकण किंचित तिरपं ठेवून अर्धा तास सुकवायचं.

माध्यमाची एक चूक इतक्या वेळा होते की तिच्यावर थांबायलाच हवं. समुद्री जिवाणूंसाठी सर्रास वापरतात ते झोबेल मरीन अगार. लिटरला पाच ग्रॅम पेप्टोन आणि एक ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे खोल समुद्रातल्या जिवाणूला मेजवानीच, आणि उपाशी जिवाला मेजवानी सोसत नाही. म्हणून दहावा हिस्सा करतात. आता नवशिका काय करतो, तर तयार पावडरच दहावा हिस्सा घेतो. त्याबरोबर मीठही दहावा हिस्सा होतं, पाणी जवळजवळ गोडं होतं, आणि समुद्री जिवाणूंच्या पेशी फुगून फुटतात. अन्न कमी करायचं, मीठ नाही. लिटरमागे पेप्टोन ०.५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.१ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, गाळून जुनं केलेलं समुद्राचं पाणी ७५० मिली आणि ऊर्ध्वपातित पाणी २५० मिली. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं. दोन्ही माध्यमांच्या प्लेट बरोबर घ्याव्यात, पण भरवसा पातळ माध्यमावर ठेवावा.

दुपारी जहाजाच्या शीतखोलीची तपासणी झाली. दाराबाहेरचा आकडा चार अंश दाखवत होता. नोंद घेणारं छोटं तापमापक आत तीन जागी चार तास ठेवल्यावर कळलं की पंख्यापाशी चार अंश खरे, पण दाराजवळच्या फळीवर आठ. दारावरचा आकडा संवेदक जिथे बसवलाय तेवढ्याच जागेचा असतो. प्लेट मागच्या भिंतीकडच्या खालच्या फळीवर गेल्या आणि दारापाशी रिकामे खोके लागले.

दुसरा दिवस : किनारपट्टीचा उथळ भाग

गोव्यासमोर समुद्राचा उथळ पट्टा सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे. पहाटे जहाज कांदोळीच्या समोरून बाहेर पडलं. समुद्रविज्ञान संस्था १९९७पासून इथल्या एका ठरावीक जागेवर वर्षानुवर्षं पाण्याच्या नोंदी घेत आली आहे. पावसाळ्यात या पट्ट्यात खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं, तेव्हा तळाशी बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरतं. ते गारच, पण आपल्या कामाचं थंड नव्हे.

हा दिवस रंगीत तालमीचा होता. रोझेट म्हणजे गोल लोखंडी चौकटीत उभ्या लावलेल्या चोवीस निस्किन बाटल्या, प्रत्येकी दहा लिटरची, आणि मध्यभागी तापमान, क्षारता, खोली आणि प्राणवायू मोजणारं यंत्र. दोन्ही टोकांची झाकणं उघडी ठेवून बाटल्या खाली जातात. हव्या त्या खोलीवर वरून आज्ञा दिली की झाकणं धरून ठेवणारा हूक सुटतो आणि झाकणं खाडकन मिटतात. शंभर मीटरवर एक फेरी मारून सगळ्या चोवीस बाटल्यांची गळती पाहिली. पद्धत सोपी आहे. वरची हवेची चावी बंद ठेवून खालची तोटी उघडायची. बाटली हवाबंद असेल तर दोन-चार थेंबांपलीकडे पाणी येत नाही. धार लागली तर कुठूनतरी हवा शिरते आहे, म्हणजे वर येताना पाणीही शिरलं. दोन बाटल्या गळक्या निघाल्या. एकीच्या ओ-रिंगवर वाळूचा कण होता, दुसरीची ओ-रिंग कडेला चिरली होती. कण पुसला, रिंग बदलली.

बाटलीच्या आत झाकणं ओढणारा रबरी दोर असेल तर जिवाणूंच्या कामाला ती घेऊ नये. रबरातून झिरपणारी द्रव्यं सूक्ष्मजीवांना सोसत नाहीत. बाहेरून स्प्रिंग असलेल्या बाटल्याच चांगल्या. रात्री सगळ्या तोट्या दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने पुसून, निर्जंतुक पाण्याने धुऊन, पिशव्यांनी झाकल्या.

तिसरा दिवस : दोन हजार मीटर

उतार ओलांडून जहाज संध्याकाळी जागेवर पोचलं. तळ अडीच हजार मीटरच्याही खाली होता. फेरी मुद्दाम रात्रीची धरली होती. दिवसा तीच बाटली डेकवर उन्हात उभी राहिली की तासाभरात पाण्याचं तापमान चढतं.

रोझेट मिनिटाला साठ मीटर या वेगाने खाली जातं, म्हणजे दोन हजार मीटरला तेहतीस-चौतीस मिनिटं. पडद्यावर तापमानाची रेघ उतरत जाते तो भाग कितीही वेळा पाहिला तरी नजर हलत नाही. साठ-सत्तर मीटरपर्यंत अठ्ठावीस, मग एकदम उतार. दोनशे मीटरवर पंधराच्या घरात. इथून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नाही. अरबी समुद्राचा हा थर जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायूहीन थरांपैकी एक, आणि त्यातल्या जिवाणूंचा संसार वेगळाच. हजार मीटरला आठ-नऊ अंश. नंतर रेघ मंद होते आणि प्राणवायू हळूहळू परततो. दोन हजारला तीन.

बाटल्या खाली जाताना मिटायच्या नसतात, वर येताना मिटायच्या. जाताना यंत्र खालच्या बाजूला स्वच्छ पाण्यात पुढे असतं आणि नोंदी नीट येतात. येताना मात्र चौकट आपल्याबरोबर खालचं पाणी ओढत आणते. म्हणून प्रत्येक खोलीवर थांबून किमान तीस सेकंद, शक्यतो मिनिटभर, वाट पाहायची आणि मगच आज्ञा द्यायची. प्रत्येक खोलीला दोन बाटल्या मिटवल्या. एक वायू आणि पोषकद्रव्यं मोजणाऱ्यांसाठी, एक फक्त जिवाणूंसाठी. एकाच बाटलीवर दोन गट आले की प्राणवायूवाल्यांचा मान पहिला असतो, आणि तो रास्तही आहे, कारण हवा लागली की त्यांचं मोजमाप बिघडतं. पण त्यात जाणारी वीस मिनिटं थंड जिवाणूंना परवडत नाहीत.

रोझेट डेकवर टेकलं तेव्हा खोल बाटल्यांना घाम फुटला होता. दमट हवेत थंडगार प्लास्टिकवर दव धरतं आणि ओघळ खाली चौकटीवर पडतात. वरच्या थरातल्या बाटल्या समुद्राच्या पाण्याने ओल्या असतात, पण पुसल्या की कोरड्या राहतात. खोल बाटली पुसली की मिनिटभरात पुन्हा दवारते. ही नुसती पाहायची गंमत नव्हे, पहिली चाचणी आहे. अठराशे मीटरची म्हणून नोंद असलेली एक बाटली पुसल्यावर कोरडीच राहिली. हात लावला तर कोमट. दोरी अडकून तिची झाकणं बरीच वर येईपर्यंत मिटली नव्हती. पुढे सिलिकेटच्या मापाने खात्री झाली. वरच्या पाण्यात सिलिकेट जवळजवळ नसतं, खोलात भरपूर असतं, आणि त्या बाटलीत ते नव्हतं. तशा बाटलीतलं पाणी ओतून द्यायचं. "थोडं तरी खालचं असेल" असा मोह नको.

तोटीतून पहिलं अर्धा लिटर पाणी सोडून द्यायचं, हातमोजे घालून, तोटीला हात न लावता. पाणी निर्जंतुक बाटलीत, तिला त्याच पाण्याने तीनदा खळबळून, आणि बाटली थेट बर्फ-पाण्याच्या टबात. नोंद पेन्सिलीने. मार्करची शाई अल्कोहोलच्या पहिल्याच पुसण्यात जाते आणि मग कुठली खोली कुठली हे देवालाच ठाऊक. जहाजाचं यंत्र जागतिक वेळ लिहितं आणि माणसं भारतीय वेळ. साडेपाच तासांचा हा फरक वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवला नाही तर मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्यांच्या तारखाच चुकतात.

चौथा आणि पाचवा दिवस : गाळणं आणि पसरवणं

एकाच पाण्याचे चार वाटे होतात. डीएनएसाठी दोन ते पाच लिटर पाणी ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून, मिनिटाला पन्नास-साठ मिली या संथ गतीने. जोर लावला की नाजूक पेशी फुटतात आणि डीएनए गाळणीतून निसटून जातो. मोजणीसाठी दहा मिली पाणी फॉर्माल्डिहाइडने, अंतिम प्रमाण दोन टक्के, स्थिर करून ठेवायचं. साठवणीसाठी ०.६ मिली पाण्यात पन्नास टक्के ग्लिसरॉल ०.४ मिली, म्हणजे अंतिम वीस टक्के, आणि सरळ उणे ऐंशीत. उरलेलं प्लेटवर.

दोन हजार मीटरवरच्या एका मिलीत पेशी दहा हजारांपासून लाखभरापर्यंत असतात, पृष्ठभागावर त्याच्या दहापट. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्यातला शंभरातला एकही प्लेटवर वाढत नाही. म्हणून खोल पाणी पातळ करायचं नाही. १०० मायक्रोलिटर तसंच पसरवायचं, आणि शिवाय दहा मिली व शंभर मिली पाणी गाळून गाळणीच प्लेटवर पालथी न घालता, सुलटी, हवेचा बुडबुडा न राहू देता ठेवायची. उथळ पाण्याला मात्र दहापट आणि शंभरपट पातळ करावंच लागतं.

थंडी मोडते ती इथे. कितीतरी प्रयोगशाळांत अजून वितळलेल्या अगारात नमुना मिसळून ओततात. पंचेचाळीस अंशांचं ते माध्यम तीन अंशांत जन्मलेल्या पेशीला उकळत्या पाण्यासारखं आहे. रिचर्ड मोरिटा यांनी १९७५मध्ये आखून दिलेली व्याख्या आजही चालते. खरा शीतप्रेमी जिवाणू म्हणजे ज्याची वाढ पंधरा अंशांवर किंवा त्याखाली सर्वांत चांगली होते, वीसच्या वर थांबते आणि शून्यावरही चालू राहते. असा जिवाणू गोव्यातल्या खोलीच्या तापमानाला, तीस अंशांना, काही मिनिटांतच जखमी होतो. उरतात ते शीतसह, म्हणजे थंडी सोसणारे पण उबेत खुशाल वाढणारे. एकदा नमुना तापला की प्लेटवर वाढ दिसतेच, कॉलन्या भरपूर येतात, आणि कुणाला कळतही नाही की ज्यांच्यासाठी आलो होतो ते आधीच मेले.

म्हणून प्लेट शीतखोलीतून एका वेळी पाचच बाहेर काढायच्या, बर्फावर ठेवलेल्या स्टीलच्या ताटात मांडायच्या. पिपेटच्या टोप्यांचा डबा आणि पसरवण्या आधीपासून शीतखोलीत. काचेची पसरवणी ज्योतीवर धरून वापरायची सवय असेल तर ती सोडावी. जहाजावर ज्योत बहुधा चालतच नाही, आणि तापलेली काच दहा सेकंदांत निवत नाही. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या पसरवण्या घ्याव्यात. प्रत्येक वीस प्लेटींमागे एक कोरी प्लेट तेवढाच वेळ उघडी ठेवायची आणि लिटरभर निर्जंतुक पाणी त्याच साधनांतून गाळायचं. पुढे त्या कोऱ्या प्लेटवर जे उगवेल ते आपलं, समुद्राचं नव्हे.

सहावा, सातवा दिवस

आणखी दोन जागा, तोच क्रम. सांगण्यासारखं एवढंच की सातव्या दिवशी लाटा वाढल्या, जहाज डोलू लागलं आणि दोरावरचा ताण पाहून शेवटची फेरी पंधराशे मीटरवर थांबवली. तिथे पाणी पाचच्या आसपास होतं. तेही चालतं.

आठवा दिवस : वास्को ते दोना पावला

धक्क्यापासून दोना पावल्यापर्यंतचा प्रवास सगळ्यात छोटा आणि सगळ्यात धोक्याचा. समुद्रात हवा निदान वाहती असते. गोदीच्या फाटकावर कागद होईपर्यंत गाडीच्या मागच्या भागात पेट्या तापत राहतात. झुवारीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा खोळंबा कमी झाला आहे, तरी फाटकापासून प्रयोगशाळेच्या फ्रिजपर्यंत दोन तास धरूनच पेट्या भराव्यात.

मासळी भरणाऱ्यांचीच रीत इथे कामी येते. थर्माकोलच्या जाड पेटीत तळाला फोडलेला बर्फ, वर प्लास्टिकमध्ये बंद प्लेट, पुन्हा बर्फ. पण त्यांची एक सवय उचलायची नाही, ती बर्फात मीठ घालण्याची. मीठ घातलं की काय होतं ते कुल्फीच्या पिंपात सगळ्यांनी पाहिलंय. बर्फ उणे दहाच्याही खाली जातो. साधा बर्फ शून्यावर राहतो आणि पेशी सुखरूप राहतात. मीठ घातलेल्या बर्फात प्लेटवरचा अगार गोठतो, वितळल्यावर पाणी सोडून आकसतो, आणि ग्लिसरॉल नसलेल्या पेशी बर्फाच्या काड्यांनी फाटतात. उणे ऐंशीच्या कुप्या मात्र वेगळ्या पेटीत, कोरड्या बर्फात. दोन्ही पेट्या गाडीत शेजारी ठेवायच्या नाहीत आणि कोरड्या बर्फाची पेटी घट्ट बंद करायची नाही. त्यातून सुटणाऱ्या वायूला वाट हवी, आणि गाडीची काचही थोडी खाली.

तिसावा दिवस : प्लेट वाचणं

प्लेट चार अंशांवर, कडा पॅराफिल्म या ताणून चिकटणाऱ्या पट्टीने बंद करून. पहिल्या आठवड्याच्या शेवटी कॉलन्या दिसू लागतात. त्यांच्याखाली प्लेटच्या पाठीवर निळा ठिपका द्यायचा. दुसऱ्या आठवड्यातल्यांना लाल. तिसऱ्यात आणि पुढे आलेल्यांना हिरवा. महिन्याने हात हिरव्या ठिपक्यांकडे जायला हवा. निळ्या म्हणजे टपोऱ्या, पिवळट पांढऱ्या, झपाट्याने पसरणाऱ्या. स्युडोअल्टेरोमोनास, शेवानेला असे जुने ओळखीचे बहुधा त्यांच्यातच असतात. टाचणीच्या टोकाएवढी, नारिंगी किंवा पारदर्शक, एकविसाव्या दिवशी उगवलेली कॉलनी नजरेआड होते आणि नेमकी तीच पाहायला हवी. प्लेट पाहतानाही बर्फाच्या ताटात ठेवावी. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली दहा मिनिटं म्हणजे छोटा उन्हाळा.

उचललेली कॉलनी शुद्ध व्हायला चार वेळा रेघा ओढाव्या लागतात, प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं एकसारखं दिसतं आणि चौथ्या फेरीत मोठ्या कॉलनीच्या कडेला लपलेली दुसरी बारीक वर येते. म्हणून तीनवर थांबू नये. शुद्ध झाली की त्याच दिवशी पाच कुप्या ग्लिसरॉलमध्ये. उद्यावर टाकलेलं संवर्धन फ्रिजमध्ये मेलेलं सापडतं.

पंच्याहत्तराव्या दिवसाच्या पुढे : ओळख पटवणं

पहिली चाचणी १६एस आरआरएनए जनुकाची. हे सगळ्या जिवाणूंत असतं आणि त्यावरून नाती ओळखतात. कॉलनीचा कण ५० मायक्रोलिटर पाण्यात ९५ अंशांवर दहा मिनिटं, मग पीसीआरने त्या जनुकाच्या प्रती वाढवायच्या: तुकड्याची दोन टोकं पकडणारे २७एफ आणि १४९२आर प्रायमर, जोडणीचं तापमान ५५ अंश, तीस फेऱ्या, आणि डीएनएच्या सुमारे दीड हजार अक्षरांचा तुकडा. दोन्ही बाजूंनी वाचून १,४००च्या वर स्वच्छ अक्षरं मिळाली पाहिजेत. सातशे अक्षरांवर "नवी प्रजाती" म्हणणाऱ्यांचा उत्साह पुढे हमखास मावळतो. आलेखात एका जागी दोन शिखरं दिसली तर एकतर संवर्धन मिसळलेलं आहे, नाहीतर त्या जिवाणूतच या जनुकाच्या किंचित वेगळ्या प्रती आहेत. फोटोबॅक्टेरियम प्रोफंडम या खोल समुद्रातल्या जिवाणूत अशा पंधरा प्रती आहेत.

तुलना फक्त प्ररूपांशी, म्हणजे ज्या संवर्धनावर त्या प्रजातीचं नाव अधिकृतपणे टांगलेलं आहे त्यांच्याशी. जनुकांच्या सार्वजनिक साठ्यात शोध घेतला की वर येतात बिननावाचे, कधीच न वाढवलेले जिवाणू. त्यांच्याशी शंभर टक्के जुळलं तरी काही सिद्ध होत नाही. साम्य ९८.७ टक्क्यांखाली आलं की नव्या प्रजातीची शक्यता धरायची. पूर्वी ही रेषा ९७ टक्के होती. वर आलं म्हणून मात्र लगेच सोडू नये. स्युडोअल्टेरोमोनाससारख्या कुळांत वेगळ्या प्रजातींचं हे जनुक ९९ टक्क्यांच्या वर जुळतं. तिथे निकाल पूर्ण जनुकसंच, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनएच, देतो. दोन जनुकसंचांचं सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि संगणकी डीएनए संकरण, म्हणजे दोन्ही डीएनए किती जुळतील याचा संगणकाने काढलेला अंदाज, ७० टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी. जनुकसंच निदान पन्नास वेळा वाचलेला असावा, आणि त्यातून काढलेलं १६एस आधी वाचलेल्या १६एसशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर कुठेतरी कुपीच बदललेली आहे. ही साधी तपासणी फार जण करत नाहीत.

१६एसचा निकाल आला त्याच दिवशी जवळच्या नातेवाइकांची प्ररूपं मागवायची. परदेशी संग्रहांतून ती यायला महिने लागतात, आणि ती शेजारी नसतील तर पुढचं सगळं काम कच्चं राहतं. सगळ्यात जास्त घोळ पेशीतल्या मेदाम्लांची तुलना करताना होतो. थंडीत पेशीचं पटल थिजू नये म्हणून जिवाणू असंपृक्त मेदाम्लं वाढवतो. घाटावर हिवाळ्यात खोबरेल थिजतं आणि करडईचं तेल थिजत नाही, त्यामागचं कारणही हेच. आता आपला जिवाणू दहा अंशांवर वाढवला आणि तुलनेचा पंचवीसवर, तर मेदाम्लांत ढळढळीत फरक दिसणार, आणि तो प्रजातीचा नसून फ्रिजचा असणार. दुसऱ्याच्या जुन्या निबंधातले आकडे शेजारच्या रकान्यात उतरवणं ही त्याचीच आणखी वाईट आवृत्ती. दोघांना एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला, वाढीच्या एकाच टप्प्यावर आणायचं आणि प्रत्येकी सुमारे ४० मिलिग्रॅम ओल्या पेशी घ्यायच्या. दोघांनाही मानवेल असं तापमान शोधण्यात एक महिना गेला तरी चालेल.

वाढीची तापमानं ०, ४, १०, १५, २०, २५, ३०, ३७ अशी. शून्य अंशाला महागडं यंत्र लागत नाही. जाड थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणि पाणी, दिवसातून दोनदा बर्फाची भर, सहा आठवडे. गोव्यात वाढ मोजताना एक फसगत ठरलेली. शून्य अंशावरचं द्रव क्युव्हेटमध्ये, म्हणजे आरपार प्रकाश सोडून गढूळपणा मोजायच्या काचेच्या छोट्या नळीत, घेतलं की दमट हवेत क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं, प्रकाश अडतो आणि यंत्र वाढ झाली म्हणून सांगतं. क्युव्हेट पुसून दहा सेकंदांत वाचन घ्यायचं, आणि जिवाणू न घातलेल्या तितक्याच थंड द्रवाचं वाचन शेजारी. जिवाणूंना रंग देऊन त्यांचे ग्रॅम-धन आणि ग्रॅम-ऋण असे दोन गट ओळखणाऱ्या, तापवून पक्की करण्याच्या ग्रॅम पद्धतीतही थंड जिवाणूंचे आकार बिघडतात. मिथेनॉलने पक्कं करावं, आणि तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तार सुटते का तेही पाहावं. तार सुटली तर ग्रॅम-ऋण.

नाव आणि ठेव

नाव लॅटिन व्याकरणाने, आणि मराठी माणसाला ते जड जाऊ नये. चांगला, चांगली, चांगलं यांत जसं लिंग बदलतं तसंच प्रजातीचं विशेषण कुळाच्या नावाच्या, म्हणजे पहिल्या शब्दाच्या, लिंगाने बदलतं. सायक्रोबॅक्टर पुल्लिंगी, कोलवेलिया स्त्रीलिंगी, क्रायोबॅक्टेरियम नपुंसकलिंगी. म्हणून हिमालयात रूपकुंडाजवळ सापडलेल्या जिवाणूचं नाव क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्से असं झालं, रूपकुंडेन्सिस नाही. माणसांची नावं कुळांना मिळतात तेव्हाही हाच नियम. मोरिटा यांच्यावरून मोरिटेला, रीटा कोलवेल यांच्यावरून कोलवेलिया. आमचं मत, खोल पाण्यातल्या जिवाणूला बंदराचं नाव देऊ नये. गोवा हा फक्त चढण्या-उतरण्याचा घाट. जिवाणूचा रंग, आकार किंवा तो काय खातो यावरून ठेवलेलं नाव पुढच्या माणसाला जास्त उपयोगी पडतं.

नाव ग्राह्य धरायला प्ररूप दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवावं लागतं आणि दोघांचे दाखले जोडावे लागतात. भारतात चंदीगडचा आणि पुण्याचा असे मोठे संग्रह आहेत. देशाबाहेर ठेवायचं तर जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी जावं लागतं. हा अर्ज निबंध लिहून झाल्यावर नाही, जनुकसंच हाती आल्यावरच करावा. निबंध तयार आणि कागद अडकलेला, अशी वर्षं फुकट जातात.

कुपी पाठवताना संग्रहाला तीन गोष्टी ठळक लिहून द्यायच्या: माध्यमाची नेमकी कृती, वाढीचं तापमान, आणि वाढ दिसायला लागणारे दिवस. "मरीन अगार, खोलीचं तापमान" असं कुणी घाईत भरलं की संग्रहातला माणूस तीस अंशांवर दोन दिवस वाट पाहतो आणि "वाढ नाही" म्हणून शेरा देतो. संग्रह वाळवलेली एक कुपी परत पाठवतो. ती फोडून, पातळ माध्यमाच्या आधीच गार केलेल्या प्लेटवर, बर्फाच्या ताटात, पुन्हा पसरवायची आणि चार अंशांवर ठेवायची. १६एस पुन्हा वाचायचं. कुपी आपलीच आहे याची सही त्यानंतर करायची, आणि हिरव्या ठिपक्याची वाट पाहायला तीन आठवडे हातात ठेवायचे.